घराची बोली आणि मधला माणूस

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हणीत घर बांधण्याची यातायात आली आहे, विकत घेण्याची आलेली नाही. ते स्वाभाविकच आहे. ती रूढ झाली त्या काळी जागा वाडवडिलांची असे, गवंडी गावचा असे, सुतार ओळखीचा असे. आज शहरातला माणूस घर बांधत नाही, घेतो. आणि घ्यायला निघाला की त्याची गाठ दोन गोष्टींशी पडते. एक बोली आणि दुसरा दलाल.

हा व्यवहार बहुतेक माणसं जन्मात एकदा करतात, फार तर दोनदा. बायकोचे दागिने, भविष्यनिर्वाह निधी, गावाकडच्या जमिनीचा हिस्सा, आणि वर वीस वर्षांचं कर्ज, एवढं सगळं त्या एका सहीत जातं. मधला माणूस मात्र हाच व्यवहार महिन्यातून चार वेळा करतो. एकाचा पहिलाच डाव, दुसऱ्याचा रोजचा धंदा. घराच्या सौद्यात जी फसगत होते, तिचं मूळ पुष्कळदा या विषमतेत असतं. ही विषमता आजची नाही. तिला इतिहास आहे, आणि तो थोडा चाळून पाहिला तर आपला शेवटचा आकडा सांगण्यापूर्वी काय विचारावं, हे आपलं आपल्याला कळतं.

आधी शब्दांचंच पाहा. ‘दलाल’ हा शब्द मूळ अरबी. ज्या धातूपासून तो आला, त्याचा अर्थ वाट दाखवणं, दाखवून देणं. ‘दलील’ हा शब्दही त्याच धातूचा. दलील म्हणजे पुरावा. म्हणजे दलाल हा वाट दाखवणारा आणि दलील ही खरेपणा दाखवणारी. दोघं सख्खी भावंडं. पुढे त्यांचं फारसं पटलं नाही, असं एखादा पोळलेला माणूस म्हणेल. दुसरा शब्द ‘लिलाव’. तो पोर्तुगिजांबरोबर आला. त्यांच्या भाषेतल्या शब्दाला आपण मराठी वळण दिलं, आणि आता तो परका वाटतही नाही.

हा लिलाव गोव्यात कसा चाले, याचं वर्णन लिन्सखोटेन नावाच्या डच माणसानं करून ठेवलं आहे. तो १५८३ मध्ये गोव्याला आला आणि तिथल्या आर्चबिशपच्या पदरी काही वर्षं राहिला. त्याचं पुस्तक १५९६ साली प्रसिद्ध झालं. जुन्या गोव्याच्या मोठ्या रस्त्यावर रोज सकाळी उन्हं तापायच्या आत हा बाजार भरे. पुकारे करणारे लोक अंगावर सोन्याच्या साखळ्या, दागिने लटकावून फिरत आणि भाव ओरडून सांगत. घोडे विकले जात, कापडचोपड विकलं जाई, आणि त्या काळाचा कलंक म्हणजे माणसंही विकली जात. कोणी मेला की त्याची चीजवस्तू तिथे येई आणि शेवटच्या कवडीपर्यंत पुकारली जाई.

या पद्धतीत एक गुण होता. भाव उघड्यावर होता. शेजारचा किती म्हणाला, हे प्रत्येकाला ऐकू येई. आपल्याकडच्या पुष्कळ पेठांत याच्या अगदी उलट रीत होती. दलाल गिऱ्हाइकाचा हात रुमालाखाली धरी आणि बोटं दाबून भाव ठरवी. माल ज्याचा, तो शेजारीच उभा असे. पण रुमालाखाली काय चाललं आहे, हे त्याला दिसत नसे. मग दलालानं जो आकडा सांगावा, तो त्यानं मान डोलावून घ्यावा. उघडी बोली आणि रुमालाखालची बोली, या दोन रीती ध्यानात ठेवा. पुढे घरांच्या बाबतीतही त्या पुन्हा पुन्हा भेटणार आहेत.

भाव उघड्यावर असला की सगळं सरळ होतं, असंही नाही. तिथेही जाणता आणि नेणता हा भेद राहतोच. सतराव्या शतकात लंडनमध्ये मेणबत्तीचा लिलाव चाले. ईस्ट इंडिया कंपनीही आपला माल असा विकी. मेणबत्तीचा एक इंच तुकडा पेटवायचा, आणि तो विझण्यापूर्वी ज्याची बोली शेवटची, त्याचा माल. सॅम्युएल पीप्स हा नौदलाच्या कचेरीतला अधिकारी. त्याची रोजनिशी प्रसिद्ध आहे. १६६२ च्या सप्टेंबरात त्यानं जुन्या जहाजांचा असा एक लिलाव पाहिला. मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण देण्याचा करार होऊन तेव्हा वर्षच झालं होतं. पीप्सनं पाहिलं की, एक माणूस दर वेळी नेमका शेवटी बोलतो आणि माल नेतो. त्यानं त्याला कारण विचारलं. तो म्हणाला, ज्योत विझायच्या क्षणी धूर खाली वळतो. तो वळलेला दिसला की मी बोलतो.

बाकीचे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होते. हा एकटा धुराकडे पाहत होता. बोलीतली हुशारी पुष्कळदा अशीच असते. नियम सर्वांना सारखा असतो, पण त्यातली खोच ज्यानं हा खेळ दहा वेळा पाहिला आहे त्यालाच ठाऊक असते.

गोव्यातला माल आणि लंडनमधली जहाजं यांच्यापुरतं हे ठीक. पण लिलावाला राहतं घर लागलं, म्हणजे त्याचं स्वरूप निराळं होतं. त्यासाठी फार दूर जायला नको. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात कर्डे नावाचं गाव आहे. १८७४ च्या डिसेंबरात तिथल्या एका सावकारानं गावच्या देशमुखांवर कोर्टाचा हुकूमनामा मिळवला. कर्जाची रक्कम दीडशे रुपयांची. त्या दीडशे रुपयांपायी देशमुखांचं राहतं घर पाडण्यात आलं. गाव संतापलं. सावकाराशी देवघेव बंद झाली, आणि हा बहिष्कार आसपासच्या गावांत पसरला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे गावच्या बाजारात दंगल उसळली आणि ती पुणे-नगर भागात फैलावली. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात ते हेच. दंगेखोरांनी बहुतेक ठिकाणी मागितली ती कर्जरोख्यांची आणि हुकूमनाम्यांची कागदपत्रं, आणि मिळाली तिथे जाळली.

हे कागद एवढे डोळ्यांत का सलत होते? कारण त्या कागदाच्या शेवटी लिलाव होता. ऋणको पुष्कळदा कोर्टात हजरही नसे. हुकूमनामा एकतर्फी होई. मग जमिनीचा किंवा घराचा लिलाव पुकारला जाई, आणि बोली लावायला पुष्कळदा खुद्द सावकाराखेरीज कोणी पुढे येत नसे. गावचा माणूस शेजाऱ्याच्या घरावर बोली लावायला धजत नसे, आणि धजला तरी त्याच्याजवळ रोकड कुठली? म्हणजे वरून पाहिलं तर लिलाव उघडा. पुकारा झाला, बोली झाली, कागद रंगले. पण बोली लावणारा एकच, आणि पैसे येणं असलेलाही तोच. अशा लिलावात किंमत ठरत नाही, फक्त उच्चारली जाते.

दंग्यांची चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा आला. नुसत्या कर्जरोख्यावर विसंबून न राहता व्यवहाराचा मागचा इतिहास तपासावा, असं त्यानं कोर्टांना सांगितलं. शेतकऱ्याची जमीन खास गहाण लिहून दिलेली नसेल, तर कर्जापायी ती विकता येणार नाही, असंही ठरलं. पुढे १९०८ च्या दिवाणी संहितेत लिलावाचे नियम बारकाईनं आले. आज ते वाचताना वाटतं की, प्रत्येक नियमामागे कोणाचं तरी गेलेलं घर उभं असावं. लिलाव त्या जागेवर दवंडी पिटून जाहीर करावा. ज्याचा हुकूमनामा, त्यानं कोर्टाच्या परवानगीवाचून बोली लावू नये. लिलावाचं काम करणाऱ्या अंमलदारानं स्वतः बोली लावू नये, दुसऱ्याकरवीही लावू नये. बोली ज्याची ठरली, त्यानं पाव रक्कम तिथल्या तिथे भरावी आणि बाकीची पंधरा दिवसांच्या आत. शेतकऱ्याचं राहतं घर सामान्यतः जप्तीत येऊच नये. आणि लिलावात मोठी अनियमितता किंवा लबाडी होऊन नुकसान झालं, तर तो रद्द करून घेता यावा.

यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या नियमाचं मर्म एकच आहे. ज्याच्या हातात व्यवहार चालवण्याची दोरी आहे, त्याच्या हातात खरेदीची थैली असू नये.

हेच मर्म दलालाच्या बाबतीत त्याआधीच कायद्यात आलं होतं. १८७२ चा करार कायदा आजही चालू आहे. त्यात प्रतिनिधीविषयी एक प्रकरण आहे, आणि कायदा करणाऱ्यांनी कलमांखाली छोट्या छोट्या गोष्टी उदाहरणादाखल दिल्या आहेत. कायद्याचं पुस्तक रुक्ष असतं म्हणतात, पण या गोष्टी कोणी मुद्दाम वाचून पाहाव्यात. एकीत मालक आपल्या माणसाला सांगतो, माझ्यासाठी अमुक घर विकत घे. तो माणूस येऊन सांगतो, ते घर मिळत नाही. आणि गुपचूप स्वतःच घेतो. मालकाला हे कळलं तर तो त्याला म्हणू शकतो, ज्या किमतीला घेतलंस त्याच किमतीला मला दे. दुसऱ्या गोष्टीत मालक मिळकत विकायला सांगतो. विकणाऱ्या माणसाला पाहणीत कळतं की, जमिनीखाली खाण आहे. तो खाणीबद्दल चकार शब्द काढत नाही आणि म्हणतो, मीच घेतो. मालकाला पुढे खरा प्रकार कळला, तर सौदा मोडायचा की ठेवायचा, हे त्याच्या मर्जीवर.

दीडशे वर्षं उलटून गेली. खाणीच्या जागी आता होऊ घातलेला रस्ता आला, मेट्रोचं स्टेशन आलं, वाढीव चटईक्षेत्र आलं. गोष्ट तीच आहे.

आता मुंबईत या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि फाळणीनंतर मुंबईत माणसांची रीघ लागली. जागा थोडी, माणसं अपार. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं पुष्कळशी भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. हेतू चांगला होता, गोरगरिबांना आधारही झाला. पण जागेची खरी किंमत कायद्यानं नाहीशी होत नसते. ती दुसऱ्या दारानं येते. ते दार म्हणजे पागडी. भाड्याची पावती चाळीस रुपयांची, आणि खोलीचा ताबा मिळण्यासाठी हजारोंची रक्कम रुमालात बांधून द्यायची. पागडी घेणं हा गुन्हा होता, म्हणून तिची पावती नव्हती. पावती नाही म्हणून भाव उघड नव्हता. या खोलीची पागडी किती आणि पलीकडच्या चाळीत परवा किती दिली-घेतली गेली, हे एकट्या दलालाला ठाऊक. रुमालाखालची बोली पेठेतून उठून चाळीच्या जिन्यात येऊन बसली. घेणाऱ्याला एक आकडा, देणाऱ्याला दुसरा, आणि मधलं अंतर कोणाच्या खिशात, ते सांगायला नकोच. दाद मागायची तर कोणाकडे? दाद मागणारा स्वतःच गुन्ह्यात. शेवटी १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानं अशी रक्कम घेण्यादेण्याला मान्यता दिली, म्हणजे पन्नास वर्षांनी भाव कागदावर आला.

मालकीच्या सदनिकांची कथा समांतर चालली. १९६३ चा महाराष्ट्राचा सदनिका मालकी कायदा आला, तो बांधणाऱ्यांच्या गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी. जमिनीवरचा हक्क कसा आहे ते दाखवा, आणि किमतीच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त रक्कम घेण्याआधी लेखी करार करून तो नोंदवा, असं त्यानं बजावलं. २०१६ च्या केंद्रीय स्थावर संपदा कायद्यानं, ज्याला लोक ‘रेरा’ म्हणतात, ही मर्यादा दहाव्या हिश्शावर आणली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, दलाल पहिल्यांदाच नावानिशी वहीत आला. नोंदलेल्या प्रकल्पातली घरं विकणाऱ्या दलालानं स्वतःची नोंदणी केली पाहिजे, नोंदणीचा क्रमांक प्रत्येक व्यवहारात दिला पाहिजे, हिशेबाची पुस्तकं ठेवली पाहिजेत आणि खोटी जाहिरात करता कामा नये. मोडलं तर दिवसाला दहा हजार रुपये दंड, किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. मात्र जुन्या इमारतीतली, हातोहात विकली जाणारी घरं या चौकटीच्या बाहेरच राहतात. तिथे आपला आधार तो १८७२ चा कायदा आणि आपली सावधगिरी.

आता तुम्ही म्हणाल, सगळेच दलाल लबाड असतात का? मुळीच नाही. कागद नीट पाहणारे, ‘ही जागा घेऊ नका, हिच्यावर बोजा आहे’ असं आपली दलाली सोडून सांगणारेही असतात. पण प्रश्न चांगल्यावाईटाचा राहत नाही, हे अमेरिकेतल्या एका अभ्यासानं फार छान दाखवून दिलं. लेव्हिट आणि सिव्हर्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो भागातल्या सुमारे एक लाख घरविक्रींचे व्यवहार तपासले. त्यांतली काही हजार घरं खुद्द दलालांची होती. २००८ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. दलाल स्वतःचं घर विकतो, तेव्हा ते बाजारात सुमारे साडेनऊ दिवस जास्त ठेवतो, आणि तशाच घराला इतरांपेक्षा ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतो.

हे का होतं, ते आपल्या हिशेबानं पाहू. घर पन्नास लाखांचं, दलाली दोन टक्के. दलालाला मिळाले एक लाख. महिनाभर थांबून एक्कावन्न लाखांचं गिऱ्हाईक आणलं, तर मालकाच्या पदरात दलाली वजा जाता अठ्ठ्याण्णव हजार जास्त पडतात. दलालाच्या पदरात किती? दोन हजार. दोन हजारांसाठी तो महिनाभर जिने कशाला चढेल? तो मालकाला म्हणणार, “साहेब, बाजार पडलाय, आलेलं गिऱ्हाईक सोडू नका.” यात तो खोटं बोलतोच असं नाही. कदाचित त्याला स्वतःला तसं वाटतही असेल. पण त्याचा फायदा आणि तुमचा फायदा एका वाटेनं जात नाहीत. स्वतःच्या घराच्या वेळी मात्र त्याला थांबणं परवडतं.

मग बोली लावणाऱ्यानं काय करावं? विल्यम व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञानं १९६१ साली याचं गणित मांडलं. १९९६ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक जाहीर झालं आणि तीनच दिवसांनी तो वारला. त्याच्या गणितातलं आपल्यापुरतं सार सोपं आहे. समजा, एखादं घर तुम्हाला साठ लाखांपर्यंत परवडतं आणि पटतं. तोंडी, चढत्या बोलीत थोडं थोडं चढत जावं आणि साठला गप्प बसावं. दुसरा बावन्नावर थांबला, तर तुम्हाला ते बावन्नाच्या जरा वर मिळून जाईल. पण बंद लिफाफ्यात आकडा लिहायचा असेल आणि जिंकणाऱ्यानं आपलाच आकडा भरायचा असेल, तर साठ लिहिणारा जिंकूनही काही कमावत नाही. तिथे थोडं हात राखून लिहावं. प्रतिस्पर्धी जितके थोडे, तितका हात जास्त राखावा. कुठल्याही रीतीत साठ ही हद्द मात्र घरी बसून, बायकामुलांशी बोलून, कागदावर लिहून निघावी. बोलीच्या जागी ठरवलेली हद्द ही आपली नसते, शेजारच्यानं चढवलेली असते.

आणखी एक गोष्ट. दहा जणांनी एकाच घराचा अंदाज केला, तर सगळ्यांत जास्त बोलणारा पुष्कळदा तोच असतो, ज्याचा अंदाज सगळ्यांत जास्त चुकला आहे. बँकांच्या लिलावांत हे फार ध्यानात ठेवावं. २००२ च्या कायद्यानं बँकांना थकबाकीदाराचं गहाण घर विकण्याचा अधिकार मिळाला. तिथेही पाव रक्कम लगोलग आणि उरलेली साधारणतः पंधरा दिवसांत, हा जुना हिशेब चालू आहे. पण घर बहुधा ‘आहे तसं, जिथे आहे तिथे’ या अटीवर मिळतं. आत कोण राहतं, सोसायटीची थकबाकी किती, घरपट्टी किती तुंबली आहे, हे सगळं बोली लावण्यापूर्वी स्वतः पाहावं लागतं. स्वस्त मिळालेलं घर ताब्यात येईपर्यंत स्वस्त नसतं.

साध्या, लिलावाशिवायच्या सौद्यातही बोली असतेच. “दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, उद्या सकाळी इसार देतंय,” हे वाक्य ज्यानं घर घेतलं आहे, त्यानं ऐकलेलं असतं. ते गिऱ्हाईक खरंही असेल. पण ते आपल्याला दिसत नाही, म्हणजे बोली रुमालाखाली गेली. अशा वेळी शांतपणे म्हणावं, त्यांचा आकडा लेखी दाखवा. दाखवला तर विचार करावा. नाहीच दाखवला तर आपल्या हद्दीवर राहावं. शेजारच्या सदनिका कितीला गेल्या, हे नोंदणी झालेल्या खरेदीखतांवरून पाहता येतं. हक्काचा शोध आपण नेमलेल्या वकिलाकडून घ्यावा, दलालानं सुचवलेल्याकडून नव्हे. आणि इसार देण्यापूर्वी मधल्या माणसाला एकच गोष्ट सरळ विचारावी: तुम्ही या सौद्यात कोणाचे? माझे, त्यांचे, की दोघांचे? दोघांकडून दलाली घेणं आपल्याकडे सर्रास चालतं. घ्यायला हरकत नाही, पण ते दोघांनाही माहीत असावं आणि कागदावर असावं.

हा प्रश्न विचारताना पुष्कळांना संकोच वाटतो. माणूस ओळखीचा असतो, मेहुण्याच्या ऑफिसातला असतो, घरी चहाला आलेला असतो. पण चांगल्या दलालाला या प्रश्नाचा राग येत नाही. तो आपली दलाली किती, कोणाकडून आणि केव्हा, हे सांगून मोकळा होतो. राग ज्याला येतो, त्याचा राग हेच उत्तर समजावं.

कर्ड्याच्या त्या घराला दीडशे रुपयांचा एक कागद पुरला. त्या वेळी विचारायला कोणी नव्हतं आणि विचारलं असतं तरी ऐकणारं कोणी नव्हतं. आज कायदे आहेत, नोंदी आहेत, पावत्या आहेत. ते आपल्या आधीच्या माणसांनी फार महाग किंमत देऊन मिळवले आहेत. सही करण्यापूर्वी ते कागद एकदा वाचून काढायला एक दुपार पुरते. तेवढी दुपार घराच्या नावानं काढून ठेवावी.